भुंग्याचा कळप

भुंग्याने आजही ताटलीला तोंड लावलं नाही. दूधभाकरी हुंगली आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन तो वर बघत बसला.

"आई, रविवारी पुरुषोत्तम येतोय," दयानंद म्हणाला. "त्याच्याबरोबर याला परत पाठवू. उपाशी मरायला कशाला ठेवायचं?"

पुरुषोत्तम हा दयानंदच्या आईचा, कृष्णाबाईंचा भाचा. अथणीकडच्या मेंढपाळांकडून त्यानेच हे काळं केसाळ कुत्रं इथे शहरात, जयनगरच्या घरी आणून दिलं होतं, घराला राखण म्हणून. राखण राहिली बाजूला. परका कुणीही आत आला तरी भुंग्याला चालायचा, पण घरातलं माणूस बाहेर निघालं की हा टाचांना नाक लावून त्याला मागे ढकलायचा. दयानंदच्या बायकोला, वीणाला, ऑफिसला निघताना रोज त्याच्या तोंडातून ओढणी सोडवून घ्यावी लागे. डॉक्टरांनी तपासलं आणि आजार काही नाही म्हणाले.

कृष्णाबाईंना मात्र त्याच्याकडे बघून माहेरचं रान आठवे. सुगी झाली की वडील खतासाठी वावरात मेंढरं बसवायचे. धनगराचं कुत्रं कळपाभोवती फेऱ्या घालत राही आणि परकरातल्या कृष्णाबाई बांधावर बसून ते बघत. एकदा एक कोकरू ओढ्यापलीकडे राहिलं. धनगरणीने पुढ्यात टाकलेल्या भाकरीचा कुत्र्याने वाससुद्धा घेतला नाही. कोकरू आणल्यावरच ते जेवलं.

"त्याचा कळप पुरा होत नाही," कृष्णाबाई म्हणाल्या. "म्हणून जेवत नाही."

कळप म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना कळलं.

खाली दयानंद आणि वीणा, वर धाकटा योगीराज आणि त्याची बायको धनलक्ष्मी. गेटाशी गाडी कुणी लावायची यावरून भावाभावांत जुंपली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. कृष्णाबाई दुपारी वर जेवत आणि संध्याकाळी खाली. पाण्याचा टँकर कधी येणार, हेही त्यांच्याच तोंडून वरखाली जाई. भुंग्या त्यांच्या मागोमाग दोन्ही मजल्यांवर फिरला होता. त्याच्या लेखी ते एकच घर होतं.

एकदाच सगळे एकत्र बसा, नाही जेवला तर जाऊ दे त्याला, असं त्यांनी सुचवलं. कुत्र्यासाठी मी त्याच्या पंगतीला बसू का, असं दयानंदने विचारलं. वर योगीराजनेही नेमकं तेच विचारलं, फक्त जरा मोठ्याने. शेवटी धनलक्ष्मीच त्याला तिच्या कानडी वळणाने म्हणाली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. कुत्रं मेलं तर पाप तुमच्या माथी."

शनिवारी संध्याकाळी अंगणात जमखाना अंथरला. भाऊ दोन टोकांना बसले. भुंग्याने सगळ्यांभोवती फेरी मारली, आणखी एक मारली, मग निवांत बसून ताटली चाटूनपुसून साफ केली. रविवारी पुरुषोत्तम रिकाम्या हातांनी परत गेला.

मग रोजच अंगणात पंगत बसू लागली. सुरुवातीला भाऊ फक्त कुत्र्याशी बोलायचे.

"भुंग्या, सारात मीठ नाही म्हणून सांग त्यांना."

"भुंग्या, वरच्यांची जीभच गेली आहे म्हणावं."

वीणा आणि धनलक्ष्मी ताटावर वाकून हसायच्या. महिनाभरात भुंग्याची मध्यस्थी गळून पडली आणि एका संध्याकाळी योगीराजच्या तोंडून "अण्णा, लोणचं सरकव" निघून गेलं. दयानंदने बरणी सरकवली. कृष्णाबाईंनी त्या दिवशी नाचणीच्या मुद्द्याचा एक घास जास्त खाल्ला.

पण वीणाला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा आणि धनलक्ष्मीची संध्याकाळची शिकवणी बुडायची. कुत्रं आता रुळलं आहे, वेगवेगळे जेवून बघू या, असं दोघींनी ठरवलं. दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, सरी, चालेल, आम्हाला काय. कृष्णाबाईंना पुढचं दिसलं. भुंग्या जेवला की पंगत मोडणार. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि मुक्या जिवाने उपाशी राहावं असं मागणं मागितलं. मागून झाल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्या संध्याकाळी भुंग्याने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसले आणि तो जेवला. काही दिवसांनी पुन्हा वेगळं जेवून पाहिलं, पुन्हा तेच.

"रक्तातलंच आहे ते," दयानंद बायकोला समजावू लागला. "जातीचा स्वभाव. आपण काय करणार?"

योगीराजने मान डोलावली. कृष्णाबाईंनी ओढ्यापलीकडच्या कोकराची गोष्ट पुन्हा सांगितली आणि यावेळी दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

वीणा मात्र चिकाटीची. आणखी एकदाच बघू, म्हणाली. ठरलेल्या दिवशी दुपारी कृष्णाबाईंना झोप येईना. चहाला गवती चहाची पात घ्यावी म्हणून त्यांनी मागचं दार हलकेच उघडलं आणि तिथेच थांबल्या.

पाण्याच्या टाकीआड दयानंद उकिडवा बसला होता. पुढ्यात ताटभर दहीभात, वर तुपाची धार. भुंग्या शेपटी हलवत बकाबका खात होता.

"सगळं संपव," दयानंद त्याच्या कानाशी पुटपुटला. "आणि संध्याकाळी ताटलीला तोंड लावायचं नाही."

कृष्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. ताट विसळून दयानंद पुढच्या बाजूने निघून गेला. त्यांनी हळूच दार लोटायला घेतलं आणि हात तसाच राहिला. मागच्या जिन्याने योगीराज उतरत होता. चपला एका हातात, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं.