वीस मिनिटं

"मशीन लावा ना, बाई."

सकाळपासून हे म्हणणारी नंदाबाई कितवी होती, ते रीनाला आठवत नव्हतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. कंबरदुखीवर नुसत्या शेकानं काही साधत नाही, व्यायामानं आणि चालतंफिरतं राहिल्यानं फरक पडतो, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं होतं. म्हणून तिनं शेकाचं मशीन बंद ठेवलं होतं. तेव्हापासून हेच समजावता समजावता दुपारपर्यंत तिचा घसा बसायचा.

"मावशी, त्यानं फायदा नाही होत. व्यायाम करा. आणि हालचाल चालू ठेवा."

"हालचाल बंद कवा होते?" नंदाबाईनं विचारलं.

रीनानं तिच्या हातांकडे पाहिलं. तिच्या गावाकडे, चोरखमाऱ्याला, धानाची रोवणी सुरू होती. नंदाबाईच्या नखांत अजून चिखल होता.

दाखवले तसे सगळे व्यायाम तिनं केले. पाय वर, दहा आकडे, पाय खाली. एकही चुकवला नाही. मग खाटेच्या कडेला बसून राहिली.

"मांगच्या साली लावलं होतं मशीन."

"मग? दुखणं थांबलं?"

"नाई."

"तरी काऊन पाहिजे?"

नंदाबाईनं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर तिचा नवरा, केवलराम, बसला होता. ती आवाज उतरवून म्हणाली, "घरी जराशी पाठ टेकली का कोनी ना कोनी आवाज देते. इथं पट्टे लावले का वीस मिनिटं मले कोनीच उठवत नाई."

बाहेर रांग होती. रीनानं मशीन खाटेजवळ ओढलं.

"झोपा."

तिनं पट्टे लावले. बटण दाबलं नाही. पडदा सरकवला आणि पुढच्या पेशंटचा गुडघा बघायला घेतला.

अर्ध्या तासानं केवलरामनं दारातून डोकं आत घातलं. "झालं का जी? येस्टीचा टाइम होऊन राहिला."

"मशीन चालू आहे अजून," रीना मान वर न करता म्हणाली.

केवलराम परत फिरला नाही. पडद्याकडे कान देऊन उभा राहिला.

"हे घोरून राहिली?"

"हो."

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"तीस वर्सं झाले लग्नाले," तो म्हणाला. "मले मालूमच नव्हतं, हे घोरते मनून."