आधीचे सहा सेकंद

शीतल गमरेने चपला दाराबाहेर काढल्या नाहीत. चारकोपच्या त्या बैठ्या घरात, नुकत्याच पुसलेल्या लादीवरून ती तशीच आत आली आणि गुणाजी घाडीच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभी राहिली. मोरीपाशी त्याची बायको रत्नप्रभा रविवारचे बोंबील साफ करत होती. तिने मान वळवून चपलांकडे पाहिलं.

मोबाइलवर काय चाललंय ते गुणाजीला बघायची गरज नव्हती. खिदळण्याचं ते संगीत सात वर्षांपूर्वी त्यानेच लावलं होतं. जिल्हा कबड्डीची फायनल, एका गुणाने गेलेला सामना, शेवटची चढाई आणि शीतलचा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत. वर त्याचाच मथळा: ‘बाई, मैदान इकडे आहे.’ त्याच्या कबड्डीच्या ग्रुपवर तेरा वर्षांत दुसरा कुठलाच व्हिडिओ इतका चालला नाही.

ग्रुपला आता नव्वद हजार मेंबर होते. घाटकोपर ते बोरिवली, कुठल्याही मंडळाचा सामना असो, गुणाजी तिथे मोबाइल धरून हजर. नोकरी, गणपती, पोरीचं लग्न सगळं सांभाळून ग्रुप सांभाळला, असं तो सांगायचा. रत्नप्रभाला विचारलं तर ती हेच उलटं सांगेल. ग्रुपचा पहिला नियम त्यानेच लिहिलेला: ‘सामना गेला तरी चालेल, व्हिडिओ जाता कामा नये. सेव्ह करून ठेवा.’

शीतल आता पालिकेच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवायची. काल घाटकोपरला तिच्या मुली मैदानात उतरल्या आणि प्रेक्षकांतून ते संगीत वाजलं. मग ‘लॉबी, लॉबी’ सुरू झालं. मुलींनी वळून आपल्या बाईंकडे पाहिलं. तिची सगळ्यात चांगली चढाई करणारी पोर त्या भीतीने कडेला फिरकलीच नाही, आणि सामना गेला. संध्याकाळी त्या पोरीच्या आईचा फोन आला, आम्ही दुसरे सर बघतो म्हणून. हे सगळं शीतलने आवाज न चढवता सांगितलं.

“मला पूर्ण व्हिडिओ टाकून हवाय,” ती म्हणाली. “तुमच्याकडे आहे.”

गुणाजीने समजूत घालायला घेतली. छोट्या क्लिपाच चालतात, जुनं उकरून काय मिळणार, लोक विसरून जातात.

“कसे विसरतील? दर वर्षी त्या तारखेला तुम्हीच वर काढता.”

हे खोटं नव्हतं. गुणाजी उठला, कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि लॅपटॉपला लावली. तेरा वर्षांचे सामने त्यात तारीखवार लावलेले होते. बाकी काही म्हणा, माणूस व्यवस्थित होता.

कापलेल्या क्लिपच्या आधीचे सहा सेकंद पडद्यावर आले. पंच दुसऱ्या कोपऱ्याकडे बघतोय. या कोपऱ्यातली मुलगी झेपावते, तिची बोटं शीतलच्या दंडाला लागतात आणि मग शीतलचा पाय लॉबीत पडतो. स्पर्शाआधी लॉबीत पाय गेला तर बाद. स्पर्श झाला की लॉबीसुद्धा मैदानच, हे गल्लीत खेळणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. शीतल बाद नव्हतीच. गुण तिचा होता. तिला ते त्या क्षणापासून ठाऊक होतं. दंड तिचाच होता ना.

“तुम्हाला कधी कळलं?”

गुणाजी पडद्याकडे बघत राहिला. “त्याच संध्याकाळी.”

त्या संध्याकाळी चाळीस हजार लोकांचं ते पाहून झालं होतं. ग्रुपने असं कधी अनुभवलं नव्हतं. उद्या टाकू पूर्ण, असं तो म्हणाला होता, आणि उद्या काही उजाडला नाही.

“पोरीचो शाप लागतलो म्हणान तेव्हाच सांगितलंय मी,” रत्नप्रभा मोरीतून म्हणाली. सुरी थांबली नाही.

गुणाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पूर्ण व्हिडिओ टाकायचा म्हणजे कात्री कोणी चालवली हे नव्वद हजारांना कळणार. त्याने मोबाइल उचलला. “काढूनच टाकतो. विषय संपला.”

“काढू नका. पूर्ण टाका.”

पण त्याने तोवर काढलाही होता. मोठ्या मनाने काही केल्यासारखा तो मागे टेकला. शीतलला त्या क्षणी तो माणूस नको नकोसा झाला.

पाच मिनिटंही गेली नसतील, मोबाइल थरथरायला लागला. कुणी विचारत होतं, लॉबीवाला व्हिडिओ कुठे गेला. मुलुंडच्या एकाने लिहिलं, ‘नो टेन्शन, मी सेव्ह केलाय.’ खाली तोच व्हिडिओ, तेच संगीत, तोच मथळा. मग अजून एक. मग चार. ‘अ‍ॅडमिन विकला गेला’ असंही कुणी टाकलं आणि त्याला धडाधड लाइक पडले. गुणाजी एक काढायचा तोवर तीन यायचे. तेरा वर्षं शिकवलेलं पोरांनी चोख केलं होतं.

शीतल ते बघत होती. मग तिने विचारलं, “कापलेला सगळ्यांकडे आहे. पूर्ण कोणाकोणाकडे आहे?”

गुणाजीची बोटं थांबली. “माझ्याकडेच.”

तिने खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसली, पायांत चपला तशाच. रत्नप्रभाने हात धुतले आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यापाशी ठेवला.

“टाका,” शीतल म्हणाली. “आणि वर नाव लिहा. माझं नको, ते सगळ्यांना पाठ आहे. कापला कोणी, त्याचं लिहा.”