सर्जेरावांच्या फटफटीवरचं कातडं

बारामतीहून इंदापूरला फटफटीवर जाताना सर्जेरावांचं बूड सोलवटून निघायचं. म्हणून त्यांनी निमगावच्या जोतीराम धनगराकडून लोकरीसकट मेंढीचं कातडं घेतलं आणि सीटवर शिवून घेतलं.

बसायला ते इतकं मऊ होतं, की सर्जेराव कळसला निघाले तरी मुद्दाम शेळगाववरून वळसा घालून जायचे. भर थंडीत सकाळीही सीट ऊबदार लागायची.

पुढच्या दिवाळीपर्यंत लोकर एवढी वाढली, की सर्जेरावांचे पाय जमिनीला टेकेनात.

"मेल्या मेंढीची लोकर वाढती व्हय?" जोतीराम खदखदून हसला. तरी कातर घेऊन आला. लोकर उतरवून झाल्यावर त्यानं सवयीनं सीटखाली हात घालून चाचपलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"सर्जेराव, आता हिला खड्ड्यातनं दामटू नका. गाभण हाय."