शाळेच्या वेळेतला शनी

“शाळेची वेळ अकरा ते पाच. शनी त्या वेळेत उगवला, तर अवश्य दाखवीन,” गायधनी सर दोन वर्षं वैजूला हेच सांगत आले होते. शाळेला ‘करून शिका’ योजनेतून दुर्बीण मिळाली होती आणि वैजूला तिच्यातून शनीची कडी बघायची होती.

आज साहेब तपासणीला येणार, म्हणून दुर्बीण कपाटातून निघाली आणि भर दुपारी पटांगणात उभी राहिली. फोटोसाठी वैजूला तिच्यामागे उभं केलं.

“सर, पुढचं झाकण?”

“राहू दे गं बाई. काच खराब झाली, तर मला भरून द्यावी लागेल.”

वैजूनं डोळा लावला. तेवढ्यात साहेब आले. “काय दिसतंय, बाळ?”

“नुसता अंधार, साहेब.”

साहेबांनी स्वतः वाकून खात्री केली. “शाब्बास! दिवसाढवळ्या रात्र दाखवते, म्हणजे दुर्बीण ताकदीची आहे!” त्यांनी ‘अत्युत्तम’ असा शेरा मारला. सरांनी दुर्बीण पुन्हा कपाटात घातली.

“आता पुढच्या वर्षीच्या तपासणीला काढू हं,” ते वैजूला मायेनं म्हणाले.

वैजूनं मान डोलावली. गावची शाळा सातवीपर्यंतच होती आणि वैजू सातवीत.