तुरुंगाच्या दारातला हार

एकोणीसशे सत्तावन्न साल. मद्रासच्या तुरुंगाबाहेर एका सत्याग्रही पुढाऱ्याच्या स्वागताला गर्दी जमली होती. त्यांना जवळून कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्याच दिवशी सुटणाऱ्या राघोत्तम नावाच्या कैद्याची बायको तुळसी दहीभाताचा डबा घेऊन लांब उभी होती.

दार उघडलं, राघोत्तम बाहेर आला आणि हार त्याच्याच गळ्यात पडला. तुळसी लगबगीनं पुढे आली.

"अण्णा, सत्याग्रहात किती सोसलंत," स्वागताध्यक्ष म्हणाले.

"नाही सामी, मी सायकल चोरली होती."

हार लगेच काढून घेतला, पण जपून. पुढारी अजून यायचे होते. मग अध्यक्षांनी तुळसीकडे पाहिलं. "अम्मा, हा चोर तुमचा कोण?"

 

तिनं तोंड उघडायच्या आत राघोत्तमच म्हणाला, "कुणी नाही. त्या पुढाऱ्यांसाठीच आल्या असतील."