सोलापूरचा होकार

राजनंदिनीनं फक्त होकार दिला होता. पण पडद्याच्या तळाशी इंग्रजीत शब्द उमटला, ‘व्हाय?’ आणि जर्मनीपासून तैवानपर्यंत मीटिंगमधली सगळी माणसं बुचकळ्यात पडली.

शेजारी बसलेल्या महेश्वर सरांनी कपाळावर हात मारून घेतला. घाईघाईनं माइक बंद करून ते म्हणाले, "अय्यो! येस म्हण म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"येसच म्हटलं की, सर. व्हय म्हटलं," ती म्हणाली, आणि घोटाळा कुठं झाला ते तिला बोलता बोलताच उमगलं.

सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरात ती वाढली. तिथं ‘हो’ला ‘व्हय’च म्हणतात. पुढं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला, सोलापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, इंग्रजीही बऱ्यापैकी जमू लागलं. पण घाबरली की जीभ सरळ गावाकडं पळायची. सोलापूरची लाइन आज खरखरत होती, म्हणून सगळ्यांनी बोलणं लिहून दाखवणारी सोय चालू ठेवली होती. कॉम्प्युटरनं ऐकलं तसं लिहिलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, सांगोल्याचा होकार इंग्रजीत गेला की त्याचा प्रश्न होतो!

मीटिंग होती पाठीवरच्या फवारणी पंपाची. आराखडा जर्मनीच्या लेनाबाईंचा, बॅटरी तैवानच्या चेनसाहेबांची, चाचणी सोलापूरची. एकमेकांना त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. पण पंपाचं एकच चित्र तिघांच्या पडद्यावर उघडं असायचं, आणि एकानं रेघ हलवली की ती तिन्हीकडं हलायची. आज शेवटचा होकार द्यायचा होता. तो दिला की साचे बनणार आणि मग काही बदलता येणार नव्हतं. राजनंदिनीची नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की नाही ते महेश्वर सर या मीटिंगनंतर ठरवणार होते, आणि सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "नवीन आहेस. उगाच फाटे फोडू नकोस."

लेनाबाईंनी घसा साफ केला. पडद्यावर पंपाचं बूड दिसत होतं. "का, म्हणजे चार्जिंगचं सॉकेट बुडाला का, असं विचारायचंय का तुम्हाला? चेन, तुमच्या बॅटरीला तीच जागा हवी होती ना?"

चेनसाहेब गोंधळले. "मला? छे. तुम्ही तिथं काढलंत, म्हणून मी बॅटरी तशी बसवली."

"मी तर ते तात्पुरतं काढलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून वाटलं, तुम्हाला तसंच हवंय."

दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिले होते. सॉकेट तिथं असण्याचं कारण जगात कुणाकडंच नव्हतं.

"सोलापूर," लेनाबाईंनी विचारलं, "तुम्ही खरंच हे विचारलंत? की लिहिण्यात चूक झाली?"

"चूक झाली म्हण," महेश्वर सर कुजबुजले. "सुटशील."

सुटली असती. घरी आई फुलाबाईनं अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, आमची नंदी आता सायब झाली म्हणून. तेवढ्या एका वाक्यानं ती नोकरी टिकणार होती. पण राजनंदिनीच्या डोळ्यांपुढं गावाकडच्या धनाजीकाकांची डाळिंबाची बाग आली. चाचणीला तिथं पंप खाली ठेवला की ठिबकच्या ओल्या मातीत त्याचं बूड रुतायचं. सॉकेटमध्ये चिखल जायचा. ती ओढणीच्या टोकानं तो पुसायची आणि पंप चार्जिंगला लावायची. एक पंप तर त्या चिखलापायी कायमचा बंद पडला. तिनं सरांना सांगितलंही होतं. "पुसायला कितीसा वेळ लागतो?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. म्हणूनच मघाशी होकार देताना तिची जीभ गावाकडं पळाली होती.

तिनं माइक चालू केला.

"मी येस म्हणाले होते," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडं येसला व्हय म्हणतात. पण माझं येस खोटं होतं. कॉम्प्युटरनं लिहिलं तेच खरं आहे."

मग तिनं चिखलाची सगळी हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर तिला नोकरीची आठवण झाली. संपलं, असं वाटून तिनं मान खाली घातली.

"अगं, वर बघ," महेश्वर सर म्हणाले.

पडद्यावर सॉकेट हललं होतं. बुडापासून निघून ते पंपाच्या कडेनं हळूहळू वर चढलं आणि खांद्याच्या पट्ट्यापाशी येऊन थांबलं. लेनाबाई बसल्या जागेवरून ते सरकवत होत्या. "इथं मलाही सोपं जाईल," चेनसाहेब उत्साहानं म्हणाले.

"यापुढं राजनंदिनीच्या होकाराशिवाय चित्र पुढं जाणार नाही," लेनाबाईंनी सांगितलं. "महेश्वर, त्या तुमच्याकडं कायम आहेत ना?"

महेश्वर सरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. आता काय बोलणार! "आजपासून कायम," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

"मग काय, सोलापूर? नवीन जागा मंजूर?"

राजनंदिनीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "व्हय!" तिनं मोकळ्या गळ्यानं सांगितलं.

पडद्यावर पुन्हा उमटलं, ‘व्हाय?’ या वेळी तिन्ही देशांनी ते ‘हो’ असंच वाचलं.