पिवळीधमक

योकास्ताने खाटेखालचं भांडं दाराशी उजेडात नेलं. आजही लघवी नळाच्या पाण्यासारखी.

मुंग्या येता येता तिची पावलं आता सुन्न पडत चालली होती. शिलाईयंत्राचं पायडल दाबलंय की नाही, हेही वाकून बघावं लागे. शिवणावरच घर चालत होतं. दवाखान्यातल्या नर्सने बी जीवनसत्त्वाच्या लाल इंजेक्शनांचा डबा दिला होता आणि बजावलं होतं, "लघवी पिवळीधमक होईल, घाबरू नकोस. शरीर हवं तेवढं ठेवून घेतं, उरलेलं बाहेर टाकतं." सुई टोचायचा नवरा, राधामेस. झुंजीच्या कोंबड्यांना टोचून टोचून त्याचा हात इतका हलका झाला होता की सगळी गल्ली त्याच्याकडेच यायची. ही बापडी पालथी पडून डोळे मिटून घ्यायची.

भिंतीला धरत ती भांडं ओतायला परसात गेली. आंब्याखाली राधामेसच्या झुंजीच्या कोंबड्याचा, कानेलोचा पिंजरा होता. रविवारी त्याची झुंज. तुरा लालबुंद, मान ताठ, ऐट तर विचारू नका. पिंजऱ्याखालच्या फळीवर त्याची शीट पडली होती. पिवळीधमक.

योकास्ता बघतच राहिली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी त्या तळपायांना काही म्हणून कळत नव्हतं.

"राधामेस!"

तो दात घासत बाहेर आला.

"मला काय टोचत होतास रे?"

त्याची नजर आधी पिंजऱ्याकडे गेली. तिथेच मेला फसला.

"अगं, पाणीच होतं. चांगलं उकळलेलं. फक्त रविवारपर्यंत! कानेलो जिंकला की दोन डबे आणतो, राणी. तुझे पाय काय तोवर पळून जातायत?"

"नाही ना पळत! तेच तर रडणं आहे, मुडद्या!"

ती घरात गेली. खिडकीतून त्याचे सदरे आले, मग बूट, मग डॉमिनोची पेटी. सोंगट्या रस्ताभर उधळल्या. समोरची म्हातारी मजा बघायला खुर्ची घेऊनच बाहेर आली.

राधामेसने सदरे गोळा केले आणि पिंजऱ्याकडे वळला. दारात योकास्ता उभी होती. हातात कोयता.

"निदान कानेलोला तरी नेऊ दे!"

"तो राहील. माझं औषध त्याच्या अंगात आहे. उरलेलं मी बाहेर टाकलंय."